दोन आसनी स्पोर्ट्स कार : रन-फ्लॅट काढून साधे टायर बसवल्यास गाडीच्या चालीत नेमका काय फरक पडतो?

वळणवाट (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद असलेली एक दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. ती कारखान्यातूनच रन-फ्लॅट टायरांवर, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालू शकणाऱ्या टायरांवर, आलेली असून पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ अशी मापे आहेत (क्रमाने मिलिमीटरमधली रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत बाजूच्या भिंतीची उंची आणि इंचांत रिमचा व्यास). मागच्या टायरांची नक्षी आता संपत आली आहे, त्यामुळे पुन्हा रन-फ्लॅटच घ्यावेत की याच मापाचे साधे टायर घ्यावेत, हा निर्णय मला लवकरच करायचा आहे.

माझी अडचण जरा नेमकेपणाने मांडतो. लांबट चढउतारांवर, म्हणजे रस्ता हळूहळू उंच होऊन पुन्हा खाली जातो अशा ठिकाणी, गाडी अतिशय छान तोल सांभाळते आणि तिथे माझी काहीही तक्रार नाही. त्रास होतो तो पुलाच्या सांध्यांवर, डांबराच्या ठिगळांच्या कडांवर आणि रस्त्यात किंचित खाली बसलेल्या झाकणांवर. तिथे जो धक्का बसतो तो आसनातून थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो आणि स्टीअरिंगही हाताला झटका देते. वळणाच्या मध्यावर असा सांधा आला, तर गाडीचा मागचा भाग किंचित बाहेर उडी मारल्यासारखा सरकतो आणि पुन्हा पकड घेतो. वेग फार नसतानाही हे घडते, म्हणून मला त्याची काळजी वाटते.

साधे टायर बसवल्याने यातला किती भाग कमी होईल? त्याबदल्यात स्टीअरिंगची तत्परता किती जाईल? आणि टायर न बदलता केवळ हवा थोडी कमी ठेवून हेच साधता येईल का? ज्यांनी असा बदल केला आहे किंवा ज्यांना सस्पेन्शनचे गणित ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. "रन-फ्लॅट वाईट असतात" एवढेच वाचून वाचून मी कंटाळलो आहे.

तोलकाटा

वळणवाट, तुमच्या वर्णनातच निम्मे उत्तर आहे. लांब चढउतारांवर तक्रार नाही आणि तुटक कडांवर आहे, ही विभागणी टायरच्या ताठरपणाकडे फार स्पष्टपणे बोट दाखवते. तसे का, ते थोड्या आकड्यांनिशी सांगतो. आकडे तुमच्या गाडीचे नाहीत. या वजनाच्या गाडीला शोभतील असे मी हिशेबासाठी धरलेले आहेत.

गाडीचे अंग रस्त्यावर दोन स्प्रिंगांवर उभे असते आणि त्या एकीखाली एक असतात. वरची म्हणजे सस्पेन्शनची स्प्रिंग, आणि तिच्याखाली स्वतः टायर. चाकापाशी मोजलेला सस्पेन्शनचा ताठरपणा मिलिमीटरला ४० न्यूटन धरू आणि साध्या टायरचा २५० न्यूटन. रन-फ्लॅटच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये, हवा गेल्यावरही गाडीचा भार पेलेल असा जाड रबराचा थर भरलेला असतो, आणि तो थर टायरमध्ये हवा असतानाही आपले काम करतच असतो. त्यामुळे त्याचा ताठरपणा २९० धरू. दोन्ही स्प्रिंगा एकत्र धरल्या, तर साध्या टायरवर ३४.५ आणि रन-फ्लॅटवर ३५.२ एवढा एकूण ताठरपणा येतो. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. त्या चाकावर गाडीचे ३७५ किलो वजन असेल, तर गाडीचे अंग दोन्ही टायरांवर सेकंदाला साधारण दीड वेळा डोलते. लांबट चढउतारांवर तुम्हाला जाणवते ती हीच डोलण्याची हालचाल, आणि तिथे टायरचा प्रकार कोणता आहे हे बहुतेकांना ओळखताही येणार नाही.

आता पुलाच्या सांध्याकडे या. दहा मिलिमीटरची उभी कड जेव्हा क्षणार्धात टायरखाली येते, तेव्हा सस्पेन्शनला हलायला वेळच मिळत नाही. चाक, रिम, ब्रेक आणि हब यांचे मिळून चाळीस-पन्नास किलो वजन जागच्या जागी असते, आणि त्या क्षणी कड गिळायचे काम एकट्या टायरलाच करावे लागते. मग हिशेब सरळ आहे. साध्या टायरवर २५०० न्यूटनचा धक्का आणि रन-फ्लॅटवर २९०० न्यूटनचा, म्हणजे सोळा टक्के जास्त. प्रत्यक्षात हा फरक याहून मोठा भासतो, कारण साधा टायर कडेभोवती दुमडून तिला आपल्या पोटात घेऊ शकतो, तर ताठर भिंतीचा टायर कडेवर चढल्यासारखा वागतो. शिवाय तो धक्का केवळ वरच्या दिशेने येत नाही, मागच्या दिशेनेही येतो. हा मागचा धक्का सस्पेन्शनच्या जोडांत बसवलेल्या रबरी बुशांना झेलावा लागतो. स्पोर्ट्स कारचे बुश मुळातच कडक असतात, म्हणून तो आसनापर्यंत आणि स्टीअरिंगपर्यंत पोहोचतो.

वळणात मागचा भाग सरकण्याचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आरामाचा नाही, पकडीचा आहे. गाडीच्या अंगाशिवाय चाकही स्वतंत्रपणे वरखाली थरथरते. वर धरलेल्या आकड्यांनुसार सेकंदाला सुमारे १३ वेळा. या थरथरीला आवर घालते ते शॉक अ‍ॅब्सॉर्बर, कारण टायरचा स्वतःचा आवर नगण्य असतो. रन-फ्लॅट ताठर असतो आणि मापानुसार साध्यापेक्षा एखाददोन किलोने जडही असतो. चाकाचे वजन ४५ ऐवजी ४७ किलो धरले, तर त्याच शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा त्या चाकावरचा आवर सुमारे आठ टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे सांध्यानंतर चाक किंचित जास्त वेळ थरथरते, आणि थरथरताना ज्या क्षणी ते वर असते त्या क्षणी टायरचा रस्त्यावरचा भार कमी झालेला असतो. तेवढ्या क्षणापुरती बाजूची पकड जाते. तुम्हाला जी उडी जाणवते ती बहुधा हीच.

यातून एक गोष्ट निघते. रन-फ्लॅटसाठी जुळवलेल्या गाडीला साधे टायर लावले की सस्पेन्शन "बिघडते" असे जे सांगितले जाते, ते चाकाच्या उभ्या थरथरीपुरते खरे नाही. तिथे उलट शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा हात बळकट होतो. नुकसान होते ते आडव्या ताठरपणात, म्हणजे स्टीअरिंग वळवल्यापासून टायरने बाजूचा जोर धरेपर्यंतच्या अवधीत. ते किती होते, हे ज्यांनी प्रत्यक्ष बदल केला आहे त्यांनीच सांगावे.

लांबपल्ला

मी तुमच्यासारख्याच मांडणीच्या गाडीवर हा बदल केला आहे, म्हणून अनुभव लिहितो. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बहुतेक तुलना तिथेच फसतात. माझे रन-फ्लॅट आणि नंतर घेतलेले साधे टायर हे एकाच कंपनीचे, एकाच नावाच्या नक्षीचे आणि एकाच मापाचे होते. आरामासाठी बनवलेला मऊ टायर आणि शर्यतीच्या जवळ जाणारा टायर यांच्यातला फरक पुष्कळदा रन-फ्लॅट आणि साधा यांच्यातल्या फरकाहून मोठा असतो, आणि मग लोक नक्षीचे श्रेय साइडवॉलला देतात.

तुटक कडांवरचा फरक पहिल्याच सांध्यावर कळला. धक्का नाहीसा झाला नाही, पण त्याची धार गेली. आधी तो कोरडा आणि टोकदार होता, आता तो गोलसर झाला आहे, आणि आवाजही वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीत उतरला आहे. पुष्कळ वाहतुकीने रस्त्यात चाकांच्या ज्या खोलगट वाटा पडतात, त्यांच्या काठावरून जाताना स्टीअरिंग आपोआप बाजूला ओढले जायचे. माझ्या गाडीत ते जवळजवळ थांबले. लांब प्रवासात सतत छोट्या दुरुस्त्या करत राहण्याचा जो शीण असतो, तो यामुळे कमी झाला, आणि मला स्वतःला हा लाभ धक्क्याच्या लाभापेक्षाही मोठा वाटतो. वळणातला सांधाही आता गाडी शांतपणे पार करते.

स्टीअरिंगचा मुद्दा प्रामाणिकपणे लिहायला हवा. सरळ जाताना स्टीअरिंग अगदी थोडे वळवले, की पूर्वी गाडीचे नाक तत्क्षणी हलत असे. आता त्या पहिल्या काही अंशांत किंचित सैलपणा आहे, टायर आधी जरासा वाकतो आणि मग गाडी वळते. एकदा भार टायरवर बसला, की वळणाच्या आत मला काहीच उणे वाटत नाही. किंबहुना पकड सुटण्याआधी साधा टायर पुरेशी सूचना देतो, ती रन-फ्लॅटवर मला इतकी स्पष्ट मिळत नव्हती. ज्यांना ती पहिली तत्परता फार प्रिय आहे त्यांना मात्र सुरुवातीचे काही दिवस चुकल्यासारखे वाटेल, आणि त्यांचे म्हणणे चूक नाही.

रन-फ्लॅट स्पोर्ट्स कारला शोभतच नाहीत, हे मत मात्र मला मान्य नाही. पोर्शे ९५९ ही १९८६ साली आलेली, आपल्या काळातली तंत्रज्ञानाची कमाल मानली गेलेली गाडी, हवा गेल्यावरही चालू शकणाऱ्या टायरांवर आणि हवेचा दाब सांगणाऱ्या यंत्रणेसह आली होती. १९९७ च्या पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये स्टेपनीची जागाच काढून टाकली आणि रन-फ्लॅट सर्रास दिले. निस्सान जीटी-आर २००७ साली आली ती रन-फ्लॅटवरच, आणि तिच्या वेगाबद्दल कोणी शंका घेत नाही. पण त्याच कॉर्व्हेटची अधिक टोकदार झेड०६ आवृत्ती २००१ साली आली तेव्हा वजन वाचवण्यासाठी तिला साधे टायर आणि पंक्चर बुजवायचा संच देण्यात आला. बीएमडब्ल्यूच्या २००५ साली आलेल्या पिढीतल्या नेहमीच्या ३ मालिकेला रन-फ्लॅट आणि एम३ ला साधे टायर, हीही तशीच गोष्ट. गाडी बनवणाऱ्यांनी एकाच गाडीसाठी दोन उत्तरे दिली आहेत, आणि जिथे चाकाचे वजन आणि पकडीची जाणीव यांना पहिला मान होता तिथे त्यांनी साधा टायर निवडला, हे मला निर्णय घेताना मोलाचे वाटले.

ऋजुरेषा

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरीही टायर मागवण्याआधी थांबून दोन गोष्टी तपासाव्यात अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पहिली म्हणजे टायरचे वय. साइडवॉलवरच्या लांब सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी चार अंक असतात; पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. रबर वर्षांनुवर्षे उन्हाने आणि उष्णतेने कडक होत जाते, आणि नक्षी झिजली की कडेला गिळणारा रबराचा थरही पातळ झालेला असतो. जुना, झिजलेला रन-फ्लॅट काढून नवाकोरा साधा टायर लावल्यावर जे सुख मिळते, त्यातला काही भाग केवळ नवेपणाचा असतो. नवा रन-फ्लॅट लावला असता तर त्यातले काही सुख तसेही मिळाले असते. त्यातच अलीकडच्या पिढ्यांचे रन-फ्लॅट सुरुवातीच्या पिढ्यांपेक्षा मऊ आहेत, त्यामुळे आजच्या रन-फ्लॅटची तुलना तुमच्या जुन्या टायरशी करणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.

दुसरी गोष्ट शॉक अ‍ॅब्सॉर्बरची आहे, आणि वळणात मागचा भाग सरकतो हे वाचल्यावर माझा संशय आधी तिकडेच गेला. एखादा एकटा, स्वच्छ सांधा निवडा आणि सरळ रस्त्यावर मध्यम वेगाने, खिडक्या बंद करून त्यावरून जा. एकच कोरडा "ठक्" ऐकू आला आणि लगेच शांतता झाली, तर तो टायरचा ताठरपणा आहे. "ठक्" नंतर मागून क्षणभर भुरभुरती थरथर आली, जणू चाक दोन-तीनदा रस्त्यावर आपटून मग स्थिरावले, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकला आहे, आणि नुसता टायर बदलून ती थरथर पुरती जाणार नाही. तोलकाटा यांनी जो आठ टक्क्यांचा हिशेब दिला तो निरोगी शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा आहे. थकलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये आवर त्याच्या कितीतरी पट कमी झालेला असू शकतो. गाडी उचलून शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचे ओघळ आहेत का, वरच्या टोकाचे रबर तुटले आहे का, हेही पाहून घ्या.

या निमित्ताने रिमच्या मापाचाही विचार करा, कारण त्याबद्दल कोणीच बोललेले नाही. २२५/४० आर १८ या टायरच्या साइडवॉलची उंची ९० मिलिमीटर असते. २२५/४५ आर १७ घेतला तर ती १०१ मिलिमीटर होते आणि संपूर्ण चाकाचा व्यास ६३७ ऐवजी ६३४, म्हणजे जवळपास तोच राहतो. मागे २५५/३५ आर १८ च्या जागी २५५/४० आर १७ घेतल्यास व्यासात फरकच पडत नाही. त्या अकरा-बारा मिलिमीटर जास्तीच्या हवेने धक्का जितका मवाळ होतो, तितका टायरचा प्रकार बदलूनही कदाचित होणार नाही. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकतीला पकडणारा भाग, १७ इंची रिममध्ये मावतो का आणि कारखान्याने ते माप तुमच्या मॉडेलला मान्य केले आहे का, एवढे मात्र आधी खात्री करून घ्यावे लागेल.

वळणवाट

तिघांचेही मनापासून आभार. सांध्याची चाचणी करून पाहिली. पुढून एकच कोरडा आवाज येतो, पण मागून तुम्ही वर्णन केलेली भुरभुर स्पष्ट ऐकू येते, आणि मागच्या उजव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचा ओलसर डाग आहे. मागच्या टायरांवरचे अंक २३१९ नाहीत, पण फार दूरही नाहीत. म्हणजे माझ्या तक्रारीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या आणि मी सगळी एकट्या रन-फ्लॅटच्या नावावर लावत होतो. १७ इंची रिम माझ्या मॉडेलच्या ब्रेकवर बसत नाहीत, त्यामुळे तो मार्ग बंद आहे.

आता उरलेला प्रश्न पंक्चरचा. मला पुष्कळदा रात्री, वस्ती विरळ असलेल्या रस्त्यांवरून एकट्याने जावे लागते. साधे टायर घेतले आणि तिथे हवा गेली तर काय? तसेच रन-फ्लॅटसाठी बनवलेल्या रिमवर साधा टायर बसवणे सुरक्षित आहे का? आणि आत्ता फक्त मागची जोडी साधी घेऊन पुढची रन-फ्लॅट तशीच ठेवली तर चालेल का?

रिमदुरुस्त

टायर बसवणे हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे या तीन प्रश्नांवर मी लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर ठाम "नाही" असे आहे. एका अ‍ॅक्सलवर एक रन-फ्लॅट आणि एक साधा असे तर कधीच करू नये, पण पुढची जोडी एक आणि मागची जोडी दुसरी हेही टाळावे, आणि टायर बनवणाऱ्यांचा सल्लाही असाच असतो. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत पुढे ताठर भिंतीचे आणि मागे मऊ भिंतीचे टायर ठेवले, की पुढचा भाग लगेच वळतो आणि मागचा भाग क्षणभर उशिरा जोर धरतो. अचानक लेन बदलावी लागली, तर गाडी मागून फिरण्याकडे कल घेते. तुमची गाडी आधीच मागून सरकत असताना हा प्रयोग नको. घ्यायचे तर चारही घ्या.

रिमबद्दल निश्चिंत राहा. रन-फ्लॅटसाठीच्या रिमवर टायरची कड जिथे बसते तिथे आतल्या बाजूला जास्त उंचीचा उंचवटा दिलेला असतो, हवा गेल्यावर टायर घसरून रिमच्या खोलगट भागात पडू नये म्हणून. त्यावर साधा टायर व्यवस्थित बसतो. उलटे मात्र करू नये. साध्या रिमवर रन-फ्लॅट बसवला, तर संकटाच्या वेळी तो जागेवर राहीलच याची हमी उरत नाही. टायर काढणाऱ्याकडे मदतनीस दांडे असलेले मशीन आहे ना, हे आधी विचारून घ्या. ताठर साइडवॉलशी झटापट करताना रिमची कड आणि आतला हवेचा सेन्सर दोन्ही दुखावतात. रन-फ्लॅट ओळखायची खूण साइडवॉलवरच असते. आरएफटी, झेडपी, एसएसआर, आरओएफ ही वेगवेगळ्या कंपन्यांची अक्षरे आहेत. मागवताना ही अक्षरे नीट पाहिली नाहीत, तर नको तो प्रकार घरी येतो, कारण नाव आणि माप बाकी सगळे तेच असते.

आता पंक्चर. रन-फ्लॅटचे मोठे वचन असे, की हवा पूर्ण गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येते. दोनच आसने असलेल्या, स्टेपनी नसलेल्या गाडीत, रात्री निर्मनुष्य रस्त्यावर, याची किंमत मी कमी लेखणार नाही. वेगात असताना हवा गेली तरी टायर रिमवर उभा राहतो आणि गाडी हाताबाहेर जात नाही. ज्यांना असा प्रवास नेहमीचा आहे त्यांना मी आजही रन-फ्लॅटच सुचवतो, भले धक्का थोडा जास्त बसो. मात्र एकदा हवेशिवाय चालवलेला रन-फ्लॅट मी पुन्हा दुरुस्त करून देत नाही. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण काढून आत हात फिरवला की साइडवॉलच्या आतल्या कडेने काळी भुकटी हाताला लागते. ते आतल्या आत दळले गेलेले रबर असते, आणि अशा टायरचा पुढच्या प्रवासावर भरवसा ठेवता येत नाही.

साध्या टायरसोबत भोक बुजवणाऱ्या रसायनाची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर ठेवला, तर नक्षीच्या भागात घुसलेल्या खिळ्याएवढ्या, म्हणजे सहा-एक मिलिमीटरपर्यंतच्या भोकावर काम होते. साइडवॉल चिरली तर बाटलीचा काही उपयोग नाही. आणि कमी उंचीच्या टायरला खड्ड्याच्या कडेचा मार बहुधा साइडवॉलवरच बसतो, हे ध्यानात ठेवा. रसायन वापरले असेल तर टायर उघडणाऱ्याला ते आधी सांगा, कारण आतला सेन्सर पुसून काढावा लागतो आणि रसायन साचून चाकाचा तोलही जातो. आतून चिकट थर दिलेले, भोक स्वतःच बुजवणारे टायर हा मधला पर्याय आहे. त्यांची साइडवॉल साध्या टायरसारखीच लवचिक असते, त्यामुळे गाडीची चाल बिघडत नाही. पण साइडवॉल फाटल्यावर तेही हतबल असतात. तुमच्या मापात मिळत असतील तर तुमच्यासारख्या वापराला मी त्यांचा विचार नक्की करेन.

आणखी एक. रिमचे काय होते, हा प्रश्न लोक विचारत नाहीत. टायर जितका ताठर, तितका खड्ड्याचा मार रिमपर्यंत पोहोचतो. आतल्या कडेला केसासारखी बारीक चीर गेलेली रिम माझ्याकडे येतात, त्यांत रन-फ्लॅटवर चाललेल्या पुष्कळ असतात. टायर बदलताना चारही रिम आतून पुसून उजेडात नीट तपासून घ्या.

तोलकाटा

हवेचा प्रश्न मागे राहिला आहे, तो पुरा करतो. साध्या टायरमध्ये भार मुख्यतः हवाच पेलते, म्हणून दाब कमी केला की ताठरपणाही जवळपास त्याच प्रमाणात उतरतो. रन-फ्लॅटमध्ये भाराचा लक्षणीय वाटा भिंतीच्या रबराकडे असतो, आणि त्या रबराला हवेच्या दाबाशी काही देणेघेणे नसते. त्यामुळे रन-फ्लॅटची हवा ०.२ बारने उतरवली, तर धक्क्यातला लाभ तुटपुंजा मिळतो, पण साइडवॉलची घडी वाढून उष्णता वाढते, कडांची झीज वाढते आणि स्टीअरिंग जडावते. तोटा पुरा आणि नफा अर्धा, म्हणून तो मार्ग मी सुचवणार नाही. गाडीच्या दारावरच्या तक्त्यात दिलेला दाब हा थंड टायरचा असतो. चालून गरम झालेल्या टायरमध्ये दर दहा अंश तापमानामागे सुमारे ०.१ बार वाढ होते, तेव्हा गरम टायर मोजून हवा कमी करू नये.

तुमच्या बाबतीत मी आधी मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलेन. तेल एकाच बाजूला दिसत असले तरी जोडीच बदलावी, नाहीतर दोन चाकांवरचा आवर वेगवेगळा राहतो. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, करून, जुन्याच टायरांवर, त्याच सांध्यावरून, त्याच वेगाने पुन्हा जावे. मागची भुरभुर गेली आणि वळणातली उडीही गेली, तर उरलेला कोरडा "ठक्" हा टायरचा हिस्सा आहे, आणि तो कमी करण्यासाठी रात्रीच्या प्रवासातली ८० किलोमीटरची हमी सोडायची का, हे तुम्हाला त्या आवाजावरूनच ठरवता येईल. साधे टायर घेतलेत, तर बसवल्यावर हवेच्या दाबाची यंत्रणा नव्याने जुळवून घ्यायला विसरू नका. काही गाड्यांत चाकात सेन्सर असतो आणि काहींत चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून दाबाचा अंदाज घेतला जातो. दुसऱ्या प्रकारात टायर बदलल्यावर यंत्रणेला नवी चाके ओळखून द्यावी लागतात, तोवर तिचा इशारा विश्वासार्ह नसतो.